श्वासातली धूळ आणि किरणोत्साराचा हिशेब

संध्याकाळी गुरे घरी परततात तेव्हा वाटेवर धुळीचा लोट उठतो. त्या वेळेला आपण गोरज म्हणतो. बहुतेक वेळा तेव्हा वारा पडलेला असतो, तरीही धूळ उठते, कारण ती खुरांनी उठवलेली असते. गुरे गोठ्यात गेली की जाड धूळ लगेच खाली बसते. पण मावळतीच्या उजेडात धुळीचा एक पातळ पडदा बराच वेळ हवेत तरंगताना दिसतो.

या रोजच्या दृश्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, हवेत धूळ किती असेल हे केवळ वाऱ्यावर ठरत नाही. जमिनीवर कोण काय करते आहे यावरही ते ठरते. दुसरी, धूळ जितकी बारीक तितकी ती जास्त वेळ हवेत राहते. या दोन गोष्टी मनात ठेवून आपण एक हिशेब करणार आहोत. समजा, जमिनीवरची माती किरणोत्सारी पदार्थाने दूषित झाली आहे. तिथे राहणाऱ्या माणसाच्या शरीराला, केवळ श्वासावाटे गेलेल्या धुळीमुळे, वर्षभरात किती किरणोत्सार सोसावा लागेल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियातील एका वाळवंटी प्रदेशात तो खरोखरच सोडवावा लागला आणि त्याच्या उत्तरावर तिथल्या मूळ रहिवाशांना आपल्या जमिनीवर परतता येईल की नाही हे ठरणार होते. म्हणून आपण तेच उदाहरण घेऊ.

मारलिंगाची माती

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात मारलिंगा नावाचे ठिकाण आहे. तिथे ब्रिटनने १९५६ आणि १९५७ साली सात अणुबाँबचे स्फोट केले. त्याआधी तिथल्या अनांगू लोकांना त्यांच्या प्रदेशातून हलवून दक्षिणेला यालाटा येथे नेण्यात आले होते. मात्र आज मारलिंगाच्या मातीची जी चिंता आहे ती मुख्यतः या सात स्फोटांमुळे नाही. ती त्यानंतरच्या, 'किरकोळ चाचण्या' म्हणवल्या गेलेल्या प्रयोगांमुळे आहे.

१९६० ते १९६३ या काळात टारानाकी नावाच्या जागी प्लुटोनियम असलेली उपकरणे साध्या स्फोटकांनी उडवण्यात आली. अण्वस्त्राला अपघात झाला, आग लागली, तर काय होईल हे त्यातून पाहायचे होते. अणुस्फोट झाला नाही, पण वितळलेल्या आणि जळत्या प्लुटोनियमचे फवारे शेकडो मीटर उंच उडाले आणि वाऱ्याबरोबर दूरवर पसरले. एकूण सुमारे २२ किलो प्लुटोनियम अशा रीतीने विखुरले गेले.

१९६७ साली ब्रिटिश पथकाने तिथे साफसफाई केली. दूषित माती नांगरून खालच्या मातीत मिसळली, मोडतोड झालेले सामान खड्ड्यांत पुरून वर काँक्रीटची झाकणे घातली आणि काम संपल्याचे जाहीर झाले. १९८४ साली कायद्याने ही भूमी मूळ रहिवाशांना परत देण्याचे ठरले. त्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा दूषण कल्पनेपेक्षा खूपच जास्त असल्याचे आढळले. प्लुटोनियमचा लेप बसलेले धातूचे तुकडे जमिनीवर उघडे पडलेले होते. न्यायमूर्ती जेम्स मॅक्लेलंड यांच्या चौकशी आयोगाने १९८५ साली अहवाल दिला. १९६७ ची सफाई घाईत आणि चुकीच्या गृहीतांवर झाली, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

गृहीत चुकले म्हणजे नेमके काय चुकते? हे समजून घ्यायचे तर हिशेब स्वतःच करून पाहायला हवा.

बाहेर निरुपद्रवी, आत घातक

प्लुटोनियम-२३९ मधून अल्फा कण बाहेर पडतात. अल्फा कण कागदाने अडतात. आपल्या कातडीचा वरचा मृत थरही त्यांना अडवतो. त्यामुळे अशा मातीवर नुसते उभे राहिल्याने फारसे काही होत नाही. पण तोच कण फुप्फुसात जाऊन बसला, तर मध्ये ना कागद असतो ना मृत त्वचा. अल्फा कणाची सगळी ऊर्जा एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या अंतरात, जिवंत पेशींमध्ये ओतली जाते.

मग कोणती धूळ फुप्फुसात पोचते? स्थिर हवेत कण किती वेगाने खाली येतात हे पाहू. १०० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे बारीक वाळूएवढा कण दीड मीटर उंचीवरून साधारण तीन सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे तीन मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला मात्र पाच तासांहून अधिक वेळ लागतो. प्रत्यक्षात हवा कधीच इतकी स्थिर नसते, त्यामुळे हे बारीक कण त्याहूनही जास्त वेळ तरंगतात. गोरजवेळी दिसणारा पातळ पडदा तो हाच.

मोठे कण श्वासाबरोबर आत आले तरी नाकात आणि घशात अडकतात आणि शेंबूड, कफ यांबरोबर बाहेर पडतात किंवा गिळले जातात. काही मायक्रॉनचे आणि त्याहून लहान कण वायुकोशांपर्यंत पोचतात. मारलिंगाचे प्लुटोनियम जळून त्याचे ऑक्साइड झाले होते. हे ऑक्साइड शरीरातील द्रवांत जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे खोलवर बसलेला कण तिथे वर्षानुवर्षे राहू शकतो. त्याचा थोडा अंश हळूहळू रक्तात उतरतो आणि हाडांत व यकृतात जाऊन साठतो. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुष्यकाल सुमारे २४,१०० वर्षे आहे. म्हणजे माणसाच्या आयुष्यात तो आपणहून कमी होईल अशी आशा नाही.

म्हणूनच अशा वेळी मात्रा मोजण्याची एक खास पद्धत आहे. आज श्वासावाटे आत गेलेल्या पदार्थामुळे पुढच्या ५० वर्षांत (मुलांच्या बाबतीत वयाच्या ७० वर्षांपर्यंत) शरीराला जेवढा किरणोत्सार मिळणार असेल, तो सगळा आजच्या वर्षाच्या खात्यावर मांडतात. कर्ज काढले त्याच वर्षी पुढचे सगळे हप्ते वहीत लिहून टाकण्यासारखे हे आहे.

हिशेबाची साखळी

हिशेबात पाच कड्या आहेत.

१. मातीचा किरणोत्सार: एका ग्रॅम मातीत किती बेकेरेल? दर सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकेरेल.

२. हवेतील धूळ: एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम माती?

३. श्वास: दर तासाला किती घनमीटर हवा आत जाते?

४. वेळ: तिथे माणूस किती तास असतो?

५. मात्रागुणक: श्वासातून गेलेल्या एका बेकेरेलमुळे किती मात्रा मिळते? मात्रेचे एकक सिव्हर्ट. ते फार मोठे असल्याने आपण त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट आणि दहालाखावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट वापरू.

या पाचांचा गुणाकार म्हणजे आपल्याला हवी असलेली मात्रा. गणित सातवी-आठवीचे आहे. अवघड आहे ते प्रत्येक कडीत योग्य संख्या घालणे.

एक साधे उदाहरण करू. समजा, एका ग्रॅम मातीत १ बेकेरेल प्लुटोनियम-२३९ आहे आणि हवेत दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम धूळ आहे. भारतात हवेतील १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची २४ तासांची सरासरी मर्यादा एवढीच, १०० मायक्रोग्रॅम, आहे. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहाहजारावा भाग. म्हणून हवेत दर घनमीटरला ०.०००१ बेकेरेल असेल.

प्रौढ माणूस दिवसाला सरासरी २२.२ घनमीटर हवा आत घेतो असे धरतात. वर्षाला झाली सुमारे ८,१०० घनमीटर. म्हणजे वर्षात श्वासावाटे ०.८१ बेकेरेल आत जाईल. विरघळायला कठीण अशा प्लुटोनियम-२३९ चा प्रौढांसाठीचा मात्रागुणक आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत दर बेकेरेलला १६ मायक्रोसिव्हर्ट असा आहे. ०.८१ गुणिले १६ म्हणजे सुमारे १३ मायक्रोसिव्हर्ट, अर्थात ०.०१३ मिलिसिव्हर्ट.

हे जास्त की कमी? वैश्विक किरण, जमिनीतील युरेनियम-थोरियम, हवेतील रेडॉन, अन्नातील पोटॅशियम या नैसर्गिक कारणांनी जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यापुढे ०.०१३ म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सामान्य नागरिकांसाठी कृत्रिम कारणांनी मिळणाऱ्या मात्रेची आयोगाने सुचवलेली वार्षिक मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. त्याच्याही मानाने हे थोडेच. दुसरी गंमत म्हणजे ०.८१ बेकेरेल प्लुटोनियमचे वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी भरते. कोणताही तराजू ते दाखवू शकणार नाही, किरणोत्साराची मोजणी मात्र ते दाखवू शकते.

एकच माती, दोन माणसे

आता माती जास्त दूषित घेऊ: दर ग्रॅमला २० बेकेरेल. या मातीवर दोन माणसे आणू.

पहिला माणूस वर्षातून दहा दिवस, रोज आठ तास पाहणीसाठी येतो. बहुतेक वेळ गाडीत किंवा उभा असतो. त्याच्या भोवतीची धूळ ०.१ मिलिग्रॅम धरू. हालचाल करताना तासाला १.२ घनमीटर हवा तो आत घेतो. एकूण ८० तासांत ९६ घनमीटर. तेवढ्या हवेत ९.६ मिलिग्रॅम धूळ. त्यात ०.१९ बेकेरेल. मात्रा सुमारे ३ मायक्रोसिव्हर्ट. अगदी नगण्य.

दुसरा माणूस तिथेच राहतो. तो जमिनीवर बसतो, जमिनीवर झोपतो, शेकोटीभोवती रात्र काढतो, जमीन उकरून कंद आणि छोटे प्राणी शोधतो. आजूबाजूला मुले आणि कुत्री धावत असतात. त्याच्या भोवतीची सरासरी धूळ दहापट, म्हणजे १ मिलिग्रॅम धरू. वर्षभरात ८,१०० घनमीटर हवेबरोबर ८.१ ग्रॅम धूळ. त्यात १६२ बेकेरेल. मात्रा सुमारे २,६०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे २.६ मिलिसिव्हर्ट.

माती एकच, मात्रागुणक एकच. पण दोघांच्या मात्रेत सुमारे ८५० पटींचा फरक पडला. हा फरक प्लुटोनियमने केलेला नाही, राहण्याच्या रीतीने केला आहे. 'ही जमीन निर्जन आहे, इथे कोणी फिरकले तर क्वचित फिरकेल' असे गृहीत धरणारा हिशेब पहिल्या माणसाचा असतो. अनांगू लोकांची ही जमीन. त्यांना लागू पडणारा हिशेब दुसऱ्या माणसाचा आहे.

अजून एक कडी आपण सोडून दिली आहे. मातीच्या नमुन्यात बरेचसे वजन वाळूच्या जाड कणांचे असते. ते कण हवेत टिकत नाहीत. किरणोत्सारी पदार्थ मात्र बहुधा बारीक कणांबरोबर असतो, आणि हवेत उठतात ते बारीक कणच. त्यामुळे एक ग्रॅम मातीपेक्षा एक ग्रॅम हवेतल्या धुळीत जास्त बेकेरेल सापडतात. हे प्रमाण चौपट असेल असे उदाहरणादाखल धरले, तर दुसऱ्या माणसाची मात्रा १० मिलिसिव्हर्टच्या पुढे जाते. मातीचा सरासरी नमुना तपासून थांबलो तर ही गोष्ट नजरेतून सुटते.

मुलांचे काय?

मुलांना धोका जास्त असतो असे आपण ऐकतो. इथे ते कितपत खरे आहे? आयोगाच्या तक्त्यांतून संख्या घेऊ. मात्रागुणक दर बेकेरेलला मायक्रोसिव्हर्टमध्ये आहे.

वय १ वर्ष: रोजची हवा ५.२ घनमीटर, मात्रागुणक ३९, गुणाकार २०३
वय ५ वर्षे: रोजची हवा ८.७ घनमीटर, मात्रागुणक २७, गुणाकार २३५
वय १० वर्षे: रोजची हवा १५.३ घनमीटर, मात्रागुणक १९, गुणाकार २९१
प्रौढ: रोजची हवा २२.२ घनमीटर, मात्रागुणक १६, गुणाकार ३५५

एकेका बेकेरेलमागे लहान मुलाला जास्त मात्रा मिळते हे खरे. पण त्याचा श्वासही लहान असतो. दोन्हींचा गुणाकार केला तर एकाच हवेत प्रौढाची मात्रा सर्वांत जास्त येते! विद्यार्थ्यांना हे उत्तर चकित करील.

पण 'एकाच हवेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुले जमिनीजवळ असतात, मातीत लोळतात, पळापळीने स्वतःच धूळ उडवतात. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडाशी प्रौढाच्या तिप्पट धूळ असेल, तर त्याचा गुणाकार ८७३ होतो, प्रौढाच्या जवळजवळ अडीचपट. म्हणजे मुलाचा धोका ठरवणारी मुख्य गोष्ट पुन्हा धूळच. शिवाय मुले माती तोंडात घालतात. त्याचा हिशेब वेगळा करून यात मिळवावा लागतो.

प्रत्येक पदार्थाची वाट वेगळी

हेच गणित सिझियम-१३७ साठी केले तर? १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर युरोपात दूरवर पसरलेला हा पदार्थ. शरीरात सहज विरघळणाऱ्या सिझियमचा प्रौढांसाठीचा श्वासाचा मात्रागुणक दर बेकेरेलला ०.००४६ मायक्रोसिव्हर्ट आहे, म्हणजे आपल्या प्लुटोनियमच्या सुमारे साडेतीन हजारांश. दर ग्रॅमला १ बेकेरेल आणि ०.१ मिलिग्रॅम धूळ हेच आकडे ठेवले, तर वर्षाची मात्रा ०.००४ मायक्रोसिव्हर्टच्याही आत येते. ती दुर्लक्ष करण्याजोगी आहे.

याचा अर्थ सिझियम निरुपद्रवी आहे असा नव्हे. त्यापासून निघणारे गॅमा किरण जमिनीवरूनच शरीरात घुसतात, आणि ते दूध, मांस, अळंबी यांतून पोटात जाते. तिथे धूळ ही मुख्य वाट नाही. प्लुटोनियमच्या बाबतीत उलट आहे. त्याचे अल्फा कण बाहेरून आत येत नाहीत, आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते, म्हणून श्वास हीच मुख्य वाट. किरणोत्सारी दूषणाची बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: पदार्थ कोणता, आणि तो शरीरात कोणत्या वाटेने येतो?

न दिसणारे मोजायचे कसे?

अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातात. मग शेकडो चौरस किलोमीटर जमिनीवरचे प्लुटोनियम मोजायचे कसे? इथे त्याचा एक सोबती मदतीला येतो. अण्वस्त्राच्या प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-२४१ हा समस्थानिकही थोडासा असतो. सुमारे १४ वर्षांच्या अर्धायुष्यकालाने त्याचे रूपांतर अमेरिसियम-२४१ मध्ये होते, आणि अमेरिसियम सौम्य गॅमा किरण सोडते. हे किरण जमिनीपासून वर, अगदी हवाई सर्वेक्षणातही पकडता येतात. काही नमुने प्रयोगशाळेत तपासून दोहोंचे प्रमाण आधी ठरवायचे (टारानाकीजवळ अमेरिसियमच्या सुमारे सात ते आठ पट प्लुटोनियम होते), मग अमेरिसियम मोजून त्यावरून प्लुटोनियमचा अंदाज करायचा.

मोजमाप येते ते दर चौरस मीटरला बेकेरेल असे. त्यावरून दर ग्रॅमचा आकडा काढायला दूषण किती खोल आहे ते हवे. वरच्या एका सेंटिमीटरात आहे असे धरले, तर एका चौरस मीटरमध्ये साधारण १५ किलो माती येते. आपल्या उदाहरणातील दर ग्रॅमला २० बेकेरेल म्हणजे दर चौरस मीटरला ३ लाख बेकेरेल.

धुळीचा अंदाज करण्याचा दुसराही एक मार्ग आहे. जमिनीवर दर चौरस मीटरला जेवढे बेकेरेल आहेत, त्यांचा कितवा अंश दर घनमीटर हवेत सापडतो ते पाहतात. ताज्या दूषणात हा अंश दहालाखावा किंवा त्याहून मोठा असू शकतो. काही वर्षांनी पदार्थ मातीत मुरला की तो अब्जाव्या भागापर्यंत उतरतो. आपल्या ३ लाख बेकेरेलना अब्जावा भाग लावला, तर हवेत दर घनमीटरला ०.०००३ बेकेरेल येतात. पहिल्या माणसासाठी धुळीच्या वजनावरून आपण हाच आकडा ०.००२ धरला होता. दोन पद्धतींत सातपट फरक! अशा अंदाजांत हे नवलाचे नाही. अब्जावा अंश वाऱ्याने उठणाऱ्या धुळीचा असतो. माणसांच्या वावराने उठणारी धूळ त्यात धरलेली नसते. म्हणून शेवटी पंपाने हवा खेचून, गाळणीच्या कागदावर धूळ जमवून, तिची मोजणी करावीच लागते. आणि तीही निर्मनुष्य जागी केली तर पुन्हा पहिल्याच माणसाचे उत्तर मिळते.

मारलिंगात पुढे काय झाले

१९८० च्या दशकात नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने हे ओळखले. केवळ माती मोजून ते थांबले नाहीत. मारलिंगाच्या प्रदेशातील ओक व्हॅली या वस्तीत लोक कसे राहतात, काय खातात, कुठे झोपतात, मुले कुठे खेळतात, धूळ किती उडते याचा अभ्यास करण्यात आला. त्यात मानववंशशास्त्रज्ञांचा वाटा भौतिकशास्त्रज्ञांइतकाच महत्त्वाचा होता. पूर्ण वेळ पारंपरिक रीतीने तिथे राहणाऱ्या माणसालाही वर्षाला ५ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, ही कसोटी ठरली आणि उलट्या दिशेने हिशेब करून मातीची मर्यादा काढली गेली.

१९९६ ते २००० या काळात टारानाकी आणि इतर दोन जागी सुमारे दोन चौरस किलोमीटरवरची, साडेतीन लाख घनमीटरहून अधिक माती खरवडून खोल चरांमध्ये पुरण्यात आली. गंमत अशी की माती खरवडतानाच सर्वांत जास्त धूळ उडते. म्हणून यंत्रांच्या चालकांच्या खोल्या बंदिस्त करून त्यांत गाळलेली हवा सोडली होती, आणि जमिनीवर पाणी मारले जात होते. या कामाला सुमारे १०८ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च आला.

पण सगळी माती काढणे शक्य नव्हते. दूरवर पसरलेल्या पट्ट्यात दूषण कमी असले तरी क्षेत्र फार मोठे होते. तिथे सीमेवर फलक लावले गेले: शिकारीला जा, ये-जा करा, पण मुक्काम करू नका. आपला हिशेब आठवला तर या सूचनेमागचा अर्थ लगेच कळतो. मातीची कडी बदलता आली नाही, म्हणून वेळेची आणि धुळीची कडी आवळली. पण त्याची किंमत कोण देतो, हेही दिसते. ज्यांनी दूषण केले नाही, त्यांच्याच राहण्याच्या रीतीवर हे बंधन आले आहे. चाचणी-क्षेत्राचा राहिलेला भाग २००९ साली मारलिंगाच्या मूळ रहिवाशांच्या स्वाधीन करण्यात आला. हे बंधन त्या जमिनीबरोबरच त्यांच्याकडे आले.

वर्गात करून पाहण्यासाठी

यातल्या किरणोत्साराचा प्रयोग वर्गात करता येणार नाही आणि करूही नये. पण साखळीतील दुसरी आणि तिसरी कडी आपण मोजू शकतो.

श्वास: विद्यार्थ्यांनी शांत बसून मिनिटात किती श्वास होतात ते मोजावे. एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा धरावी. १५ श्वास म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर, तासाला ०.४५ घनमीटर. प्रौढ माणसाच्या झोपेतल्या श्वासासाठी आयोगही हाच आकडा धरतो. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजावे. तेव्हा श्वासांची संख्याच नव्हे, खोलीही वाढते. म्हणून खरे उत्तर मोजणीपेक्षा मोठे असणार, हे चर्चेतून काढून घ्यावे.

धूळ: चार काचपट्ट्यांना व्हॅसलिनचा पातळ थर लावा. दोन जमिनीलगत आणि दोन दीड मीटर उंचीवर ठेवा. वर्ग कोरडाच झाडल्यावर प्रत्येक उंचीची एक पट्टी उचला. दुसऱ्या दिवशी नव्या चार पट्ट्या ठेवून, पाणी शिंपडून झाडल्यावर तसेच करा. सूक्ष्मदर्शकाखाली ठराविक क्षेत्रातील कण मोजा. अंगणात सडा घालण्यात आजीचा काय हिशेब होता तो आकड्यांत दिसेल. दोन्ही उंचींवरचे आकडेही ताडून पाहा.

बारीक कण: बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून ढवळा. वाळू किती वेळात बसते आणि गढूळपणा किती तास टिकतो याची नोंद ठेवा.

शेवटी फळ्यावर पाच कड्या मांडून विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्यावा: वर्गातल्या धुळीच्या हिशेबात शिक्षकाचा श्वास धरायचा, पहिल्या बाकावरच्या मुलाचा, की शाळा भरण्याआधी वर्ग झाडणाऱ्या माणसाचा? प्रत्येक उत्तरासाठी कोणकोणत्या कड्या बदलतात ते त्यांनाच लिहून काढू द्यावे.